आमची वाटचाल : हंगामात पिकअप उभी राहू नये म्हणून

नारायणगावच्या टोमॅटो बाजारावर आमचं गॅरेज उभं राहिलं. २० किलोचे क्रेट भरून संध्याकाळी निघालेली पिकअप पहाटे वाशीला लागलीच पाहिजे. वाटेत बंद पडली की मालकाचं भाडं जातं, आणि माल नरम पडून शेतकऱ्याचा भावही जातो.

सुरुवातीला गाड्या टोचन लावूनच यायच्या. टाटा २०७, बोलेरो पिकअप. कुणाचा पंप, कुणाचं हेड गॅसकेट, कुणाचं पूर्ण इंजिनकाम. कमाई त्यातच होती. पण ऐन हंगामात इंजिन खोललेला मालक हप्ता कुठून भरणार, हे आम्हाला बघवेना. म्हणून प्रत्येक गाडीची वही घातली. किती किलोमीटरला ऑइल बदललं, फिल्टर कधी टाकला, रेडिएटरमध्ये काय भरलं, सगळं त्यात.

वह्या चाळल्यावर दिसलं, की बरीच मोठी कामं पाण्यापासून सुरू होतात. कूलंट कमी झालं की ड्रायव्हर विहिरीचं पाणी ओततो. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, उन्हाळ्यात भरलेली गाडी चढाला तापते आणि हेड वाकतं. आता तयार कूलंटचा कॅन आम्ही गाडीतच ठेवायला देतो. दुसरं पाणी डिझेलमधलं. पावसाळ्यात फिल्टरखालचा नळ सोडून ते काढलं नाही, तर कॉमन रेल, म्हणजे खूप दाबानं डिझेल सोडणाऱ्या, इंजिनाचा पंप आणि इंजेक्टर दोन्ही खराब होतात, आणि तो खर्च छोट्या मालकाला झेपत नाही.

कल्याणकडे जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. माळशेज घाट भरल्या गाडीनं उतरायचा, रिकाम्या गाडीनं चढायचा. त्यामुळे तिथं इंजिनापेक्षा ब्रेक आधी जातात. खालच्या गिअरमध्ये उतरा, हे आम्ही प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा कडक नियम, आला आणि आम्हाला पुन्हा शिकावं लागलं. स्कॅनर घेतला, मुलांना प्रशिक्षणाला पाठवलं. शेत ते बाजार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीनं भरतो, कारण ती जळायला लागणारी उष्णता जवळच्या पल्ल्यात तयारच होत नाही. दिवा लागला की गाडी हायवेला काढून एकसारख्या वेगानं चालवावी लागते. ऑइलही कमी राखेचंच लागतं. स्वस्तातलं जुन्या प्रतीचं ऑइल डीपीएफचं आयुष्य खातं. ‘डीपीएफ काढूनच टाका’ म्हणणारे येतात. ते काम आम्ही घेत नाही. ते बेकायदा आहे, आणि त्याचा धूर आपल्याच गावात राहतो.

हंगामाआधीची सर्व्हिस आता आम्ही उधारीवर करतो, पैसे पट्टी, म्हणजे माल विकल्याचा हिशेब, हातात आल्यावर. शेजारची जागाही भाड्यानं घेतली आहे. पाटे (गाडीच्या स्प्रिंगा) आणि ब्रेकचं काम तिकडं हलवतोय.