जेल चिकटलं, पण औषध कुठे गेलं?

रक्तवाहिनीला आतून औषध भरलेल्या हायड्रोजेलचा (पाणी धरून ठेवणाऱ्या जाळीदार जेलचा) थर द्यायचा म्हटलं की चर्चा जेल चिकटण्याभोवतीच फिरते. खरी कसोटी त्यानंतरची: औषध किती वेळ टिकतं आणि भिंतीत जातं की रक्तात.

साधा हिशेब करा. थर 100 मायक्रोमीटर जाड. पाणीदार जेलमध्ये लहान रेणूचा विसरण गुणांक (रेणू किती वेगाने पसरतो त्याचं माप) सेकंदाला साधारण 10⁻¹⁰ चौरस मीटर. जाडीच्या वर्गाला गुणांकाच्या दुपटीने भागलं की औषध थराबाहेर पडण्याचा वेळ मिळतो: जेमतेम 50 सेकंद! जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट होतो, म्हणजे फार तर काही मिनिटं. पण 3 मिलिमीटरच्या धमनीत 200 मायक्रोमीटरचा थर प्रवाहाचा अडथळा सुमारे 77 टक्क्यांनी वाढवतो. त्यामुळे जाडीच्या मागे लागू नये. सिरोलिमससारखं (वाहिनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून वापरलं जाणारं) पाण्यात न विरघळणारं औषध बारीक कणांच्या रूपात अडकवा, किंवा पाण्यात हळूहळू तुटणाऱ्या एस्टर या रासायनिक बंधाने जेलच्या जाळीला बांधा.

औषध रक्तात न जाता भिंतीकडे जावं यासाठी दोन थर लागतात. भिंतीलगत सैल जाळीचा, औषध असलेला; रक्ताच्या बाजूला जेलचा कच्चा माल असलेल्या, कमी रेणुभाराच्या पीईजी-डायअ‍ॅक्रिलेटचा घट्ट थर.

भिंतीलगतचा थर बसवताना वाहिनी दोन्ही बाजूंनी अडवणाऱ्या दोन फुग्यांमधला भाग सलाइनने स्वच्छ धुवा. मग इओसिन वाय हे प्रकाशाने जेल धरायला लावणारं रंगद्रव्य सोडा, ते पेशींवर चिकटतं. पुन्हा धुवा. त्यानंतर ट्रायइथेनॉलअमाइन (या क्रियेत रंगद्रव्याला साथ देणारं रसायन) मिसळलेलं पीईजी-डायअ‍ॅक्रिलेट आणि हिरवा प्रकाश. जेल भिंतीपासून आत वाढतं, पोकळी मोकळी राहते. दुसरं धुणं आखडतं घेतलं तर रंगद्रव्य द्रावातही उरतं आणि मधोमध जेल धरून वाहिनी बुजू शकते. ही चूक सगळ्यात घातक. पहिलं धुणं अपुरं पडलं तर उरलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषतं, ऑक्सिजन मूलकांना (जेल जोडणाऱ्या क्रियाशील रेणूंना) संपवतो, थर तुटक बसतो आणि त्याच्या कडा सुटून प्रवाहात वाहून जाण्याची भीती असते.

जाडी लगेच मोजू नका. जेल फुगतं, म्हणून 24 तास 37 अंशांच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावात) ठेवून मगच मोजा.

औषध सुटण्याची चाचणी नुसत्या बफरमध्ये केली तर सिरोलिमस फारसं विरघळतच नाही आणि जेल औषध छान धरून ठेवतंय असं वाटतं. म्हणून बफरमध्ये अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घाला. डुकराच्या धमनीचा तुकडा प्रवाहात ठेवा, शेवटी जेल सोलून काढा आणि भिंतीतलं औषध वेगळं मोजा.