तोडी, खोकला आणि पर्समधला मास्क

आज सकाळी आईला घेऊन मैफिलीला गेलो, तोडी रागाची विलंबित (संथ लयीतली) बंदिश मस्त रंगत आलेली आणि मागच्या रांगेतल्या काकांना जो खोकला सुटला तो थांबेचना. आईने शांतपणे पर्समधून मास्क काढून लावला, वर ज्येष्ठमधाची कांडी मागे सरकवली 😄 काकांनी घेतली पण! २०२० ला कोविडमुळे पुण्यात सवाई गंधर्व संगीत महोत्सव झालाच नाही तेव्हा किती चिडचिड केलेली तिने, त्यापेक्षा मास्क परवडला म्हणते. खटकलं एकच, इमर्जन्सी एक्झिटला अगदी टेकून जादा खुर्च्या लावलेल्या. मध्यंतरात व्हॉलंटियरला सांगितलं तर म्हणे दादा, पब्लिक वाढलं ना. शेवटी आम्ही चौघा श्रोत्यांनीच उचलून बाजूला केल्या. शेवटच्या भैरवीला आई डुलत होती, मास्क हनुवटीवर.