चित्र कोणाचे?

आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘स्लीपिंग ब्यूटी’ या परीकथेची चित्रे असलेल्या टाइल्ससमोर बराच वेळ उभा होतो. एका चित्रकाराच्या सरे परगण्यातील घरासाठी इंग्लिश डिझायनर विल्यम मॉरिसच्या कंपनीने 1860च्या दशकात केलेले हे काम चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सच्या नावावर नोंदले जाते. आकृत्यांची रेखाटने त्याचीच आहेत, हे खरे. मात्र हॉलंडहून आणलेल्या कोऱ्या टाइल्सवर ती रंगवण्याचे श्रेय ल्यूसी फॉकनरकडे जाते, आणि तिचे नाव (मलाही ते पूर्वी ठाऊक नव्हते) मागच्या ओळीतच राहते. हंसांच्या किनारीचे श्रेय तर कोणी मॉरिसला देतो, कोणी त्याचा सहकारी वास्तुरचनाकार फिलिप वेबला. मला विचाराल, तर भट्टीत गेलेली रेषा फॉकनरच्या कुंचल्याची आहे.