आमची वाटचाल : चाळीचं सागवान आणि बंगल्यांची दारं

आमचा धंदा दारं-खिडक्यांचा. अलिबाग तालुक्यात, रेवदंड्याच्या रस्त्यालगत सुतारशाळा आहे. काम मुख्यतः जुन्या सागवानाचं, गिऱ्हाईक बहुतेक मुंबईचं.

वडील परळच्या एका गिरणीत सुतारखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. वडीलही नाही. काही वर्षं आशेवर काढून त्यांनी लालबागची पगडीची खोली सोडली. घरमालकाचा वाटा जाऊन हातात आलं त्यात गावच्या वाडीत पत्र्याची शेड उभी राहिली, एक रंधा मशीन आलं. बैलगाडीची चाकं, होड्यांची डागडुजी, लग्नातले पाट-चौरंग, पडेल ते काम घ्यायचे. आई म्हणायची, मुंबईत निदान पगाराची तारीख तरी ठरलेली होती.

"ती खोली ठेवली असती तर आज करोडपती झाला असता," हे आम्हाला पाहुण्यांपासून बँकवाल्यांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय. संपात चूल पेटत नव्हती, त्यांनी ठेवायची कशी हे कोणी सांगत नाही. मुंबईच्या 1991 च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरणीची जमीन बहुतेक बांधकामाखालीच, म्हणजे वाटायला राहिलं काय? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल उचलून धरला. मग मॉल आले, टॉवर आले, आणि शेजारच्या चाळींचे भावही भडकले.

कामगारांच्या घरांसाठी पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज गेले, त्यात वडिलांचाही होता. पहिली सोडत 2012 ला निघाली. डिसेंबर 2016 च्या सोडतीतली घरं तर पनवेलजवळ कोनला. नंबर लागला नाहीच. ते म्हणाले, "परळच्या बदल्यात पनवेल? त्यापेक्षा माझी शेड समुद्राला जवळ आहे."

चाळी पडायला लागल्या तसं त्यातलं लाकूड बाजारात आलं, आणि आमचा धंदा खरा तिथं वळला. चाळींच्या तुळया, कडीपाट, जिन्यांचे कठडे, पुष्कळसं बर्मा टीक. आजच्या प्लँटेशनच्या सागाशी त्याची तुलनाच नको. पाडकामाच्या ठेकेदाराकडून लॉट उचलायचा, टेम्पो गावी आणायचा. एक तुळई साफ करायला माणसाचा अख्खा दिवस जातो. आधी मेटल डिटेक्टर फिरवायचा, कारण एखादा खिळा आत राहिला तर पात्याचे दात गेलेच. ऑइलपेंटचे थर खरवडताना पिस्ता, मग निळा, मग चॉकलेटी आणि सगळ्यात खाली चुना. दोरी बांधायचे हुक, पाळण्याच्या कड्या, उदबत्तीनं काळा झालेला कोनाड्यालगतचा भाग. रंधा फिरला की आतून तेलकट, ताजा साग निघतो. चौकटीवर खोलीचा पितळी नंबर असला तर गिऱ्हाईक म्हणतं, "तो तसाच ठेवा, त्याला कॅरेक्टर आहे." मी ठेवतो. पैसे वेगळे लावतो.

2020 नंतर ऑर्डरी आवरेनात. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईहून मांडव्याला गाड्या आणणारी रो-रो बोट सुरू झाली, टाळेबंदीत थांबली, पुन्हा सुरू झाली तेव्हा लोक गाडीसकट उतरू लागले. 3 जूनला निसर्ग वादळानं वाड्या आडव्या केल्या. पोफळी गेलेल्या काही घरांनी जमिनी काढल्या, सातबाऱ्यावरच्या मुंबईकर भाऊबंदांनीही पटापट सह्या केल्या. सप्टेंबरपासून सरकारनं मुद्रांक शुल्कात तीन टक्के सूट दिली. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू झाला. किहीम, आवास, नागाव, कुठंही विचारा, गुंठ्याचा भाव ऐकून गावचा माणूस गप्प बसतो.

त्याचा चटका आमच्याच शेडमध्ये बसला. आमचा सगळ्यात जुना मिस्त्री एका संध्याकाळी म्हणाला, "दादा, मालक खोल्या होमस्टेला काढतोय. शनिवार-रविवारात त्याला आमचं महिन्याचं भाडं सुटतं." दुसरी खोली बघायला आम्ही दोघं फिरलो. कोळीवाड्यालगतच्या भाड्याच्या खोल्यांतही एसी लागले होते. जागा घ्यावी म्हटलं तर तो भूमिहीन. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. शेतकरी असता तरी तुकडेबंदीमुळे, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला बंदी करणाऱ्या कायद्यामुळे, दोन गुंठ्यांचं खरेदीखत होत नव्हतं. आणि एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट आहे तो आमच्या गिऱ्हाइकांच्या भावात. मुंबईच्या कुणाकडे कुठल्या तरी तालुक्यातला शेतकरी दाखला निघतो, त्याला एकर मिळतो. कायदा वाईट हेतूनं केलेला नाही, पण सध्या अडतो नेमका तोच माणूस, ज्याला डोक्यावर छप्पर पाहिजे.

गिऱ्हाइकांवर माझा राग नाही, माझी चूल त्यांच्यावर चालते. पण ज्या भाववाढीनं माझी ऑर्डर बुक भरते तीच माझा मिस्त्री गावाबाहेर काढते, आणि मिस्त्री गेला तर दार बनवणार कोण? मशीनला सांधा कळत नाही. म्हणून आम्ही शेडमागच्या आमच्या गावठाणातल्या जागेवर चिऱ्याच्या खोल्या बांधल्या. मंगलोरी कौलं, प्रत्येकाला न्हाणीघर वेगळं. भाडं पगारातून कापत नाही. हिशेबनीस म्हणाला, हा खर्च कशात दाखवू? म्हटलं, हत्यारांत दाखव. तो हसला, पण त्यानं मेंटेनन्समध्ये टाकला.

गावातल्या कौलारू घरांची पावसाळ्याआधीची दुरुस्ती आम्ही मजुरी आणि सामानाच्या पैशात करतो, मग बंगल्याची डेडलाइन असो नसो. त्यावरून मे महिन्यात एका आर्किटेक्टशी वाजलंसुद्धा. त्याचं काम गेलं, दुसरं आलं.

सध्या सुतारकाम शिकायला दोन मुलं-मुली हव्या आहेत. आयटीआय केलेलं असलं तर बरं, नसलं तरी चालेल. एक खोली रिकामी आहे.