ग्रिमच्या गोष्टी, काहीही न गाळता

आज दुपारभर लेकीला ग्रिम बंधूंच्या गोष्टी वाचून दाखवत होते, ते चार ओळींचं रंगीत पुस्तक नाही हं, पूर्ण संग्रह, आणि खरं सांगते मलाच खाली ठेववेना. स्नोव्हाइटची ती राणी शेवटी लग्नाला येते तेव्हा निखाऱ्यांवर तापवलेले लोखंडी जोडे चिमट्याने तिच्यापुढे आणून ठेवतात आणि ते घालून तिला मरेपर्यंत नाचावं लागतं! मी आवाज जरा खाली आणला तर लेक म्हणे, "आई, मोठ्याने वाच ना." घाबरतात मुलं, पण कुशीत बसून घाबरायला त्यांना आवडतं.

आणि १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ही राणी तिची सख्खी आई होती, १८१९ मध्ये ग्रिमनी तिला सावत्र केलं. म्हणजे गोष्टी मवाळ करायचं काम आजचं नाहीच, त्यांनी स्वतःच ते केलंय. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या लाल टोपीवालीत तर लांडगा तिला खातो आणि गोष्ट तिथेच संपते, शिकारी बिकारी कोणी येत नाही.

डॅनिश लेखक अँडरसन मात्र जरा मोठं झाल्यावर द्यावा असं माझं ठाम मत आहे, त्याच्या जलपरीला राजपुत्र मिळतच नाही, ते दुःख लहानांना झेपत नाही. ग्रिम बिनधास्त वाचा, फक्त शिक्षेचा भाग गाळू नका प्लीज, लेकीने सगळ्यात आधी तेच विचारलं होतं, राणीचं पुढे काय झालं?