इंटरनेटचा नकाशा: एका पिक्सेलमध्ये २५६ पत्ते

कलाकार लिसा जेव्ब्रॅट यांच्या '१:१' (१९९९) या कलाकृतीतल्या एका चित्रात प्रत्येक पिक्सेल म्हणजे एका वेबसाइटचा आयपी पत्ता आहे: इंटरनेटवरच्या यंत्राची ओळख सांगणारे, टिंबांनी जोडलेले ० ते २५५ मधले चार आकडे. पत्त्यातला दुसरा आकडा लाल रंग ठरवतो, तिसरा हिरवा, चौथा निळा. पिक्सेलवर क्लिक केलं की ती साइट उघडायची. पत्ते वरच्या डाव्या कोपऱ्यातून ओळीओळीने खाली येतात, त्यामुळे एखादं मोठं नेटवर्क लांबट पट्टीसारखं दिसतं. अशा चित्रात रंगांपेक्षा क्रम महत्त्वाचा, असं माझं ठाम मत आहे. कोण कोणाशेजारी बसणार, हे क्रमच ठरवतो.

म्हणून मला हिल्बर्ट वक्र आवडतो: न तुटता वळणं घेत चौकोनातल्या प्रत्येक घरातून एकदाच जाणारी रेघ. जर्मन गणितज्ञ डाविड हिल्बर्ट यांनी तो १८९१ मध्ये मांडला. सलग पत्ते त्यात चौकोनात गोळा होतात. आयपीव्ही४ (वर सांगितलेली चार आकड्यांची पत्ता-पद्धत) चे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. दर २५६ पत्त्यांना एक पिक्सेल दिला की ४०९६ × ४०९६ चं चित्र बरोबर भरतं आणि पहिला आकडा समान असलेले सगळे पत्ते २५६ × २५६ च्या एका चौकोनात येतात. करड्या छटांत हे जेमतेम १६ एमबी.

गणित असं: पत्त्याचे पहिले २४ बिट (० किंवा १ हे अंक) घ्यायचे आणि दोन-दोन करून १२ फेऱ्यांत जागा काढायची; दर फेरीतले दोन बिट चौकोनाच्या चार पाव भागांपैकी एक निवडतात. पहिल्या आणि शेवटच्या पाव भागात वक्र वळवावा लागतो. ते राहिलं तरी चौकोन चौकोनच दिसतात, म्हणून चूक नजरेला सापडत नाही. लागोपाठच्या प्रत्येक जोडीत एकाच दिशेने नेमका १ पिक्सेल फरक पडतो का, हे प्रोग्रामनेच तपासा. जावास्क्रिप्टमध्ये आणखी एक खड्डा आहे: बिट सरकवले की पहिला आकडा १२८ किंवा जास्त असलेले पत्ते ऋण होतात आणि अर्धं चित्र गायब होतं. शेवटी >>> 0 लावायचं, म्हणजे आकडा पुन्हा धन होतो.

पिक्सेल भरायला लागणाऱ्या डेटासाठी स्वतः पिंग (यंत्र उत्तर देतं का, हे पाहणारा छोटा संदेश) मारत सुटू नका. लोक त्याला हल्ला समजतात. एपीनिक, राइप, एरिन, लॅकनिक आणि अफ्रिनिक या पाचही नोंदणी संस्था पत्तेवाटपाच्या फायली खुल्या ठेवतात. त्यात आयपीव्ही४ च्या ओळीतला आकडा हा पत्त्यांची संख्या असतो आणि तो २ चा घात असेलच असं नाही: ७६८ म्हणजे तीन पिक्सेल. देशाचा रकाना नोंदणीचा देश सांगतो, यंत्र तिथेच आहे असं नाही.

तयार पिंग-गणना (कोणत्या पत्त्यांनी पिंगला उत्तर दिलं, याची मोजणी) वापरत असाल तर पिक्सेलचा उजळपणा उत्तरांच्या संख्येच्या लॉगने (लॉगॅरिदमने) मोजा. सरळ प्रमाणात जवळजवळ सगळं काळं पडतं. काळ्या भागाला 'रिकामं' म्हणू नका, 'उत्तर नाही' म्हणा. तिथे फायरवॉलमागे (बाहेरचे संदेश अडवणाऱ्या भिंतीमागे) यंत्रं असू शकतात. पहिला आकडा २२४ ते २५५ असलेला आठवा हिस्सा मात्र खरोखर काळा हवा: ते पत्ते मल्टिकास्टसाठी (एकाच वेळी अनेकांना पाठवण्यासाठी) आणि राखीव आहेत.

जेपीईजी टाळा, त्यात सुटे पिक्सेल विरघळतात. चित्र लहान करायचं तर आधी मूळ आकड्यांची बेरीज करा, मग लॉग घ्या. आणि पहिला नि शेवटचा पाव भाग जिथे खेटतात तिथे बारीक रेघ ओढाच. तिथले शेजारी पिक्सेल पत्त्यांनी फार दूरचे असतात, आणि रेघ नसेल तर दोन परके भाग एकच बेट वाटतात.