सुटा भाग लाइनवर वेळेत का पोचत नाही?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी स्टोअरपासून असेंब्ली लाइनपर्यंत माल पोचवण्याचे काम पाहत असे. लाइन थांबली की दोष हमखास ट्रॉली ओढणाऱ्या माणसावर येई, आणि ते मला आजही अन्यायाचे वाटते.

मोटोरोलात १९८६ मध्ये सुरू झालेल्या सिक्स सिग्मा या कामातील दोष कमी करण्याच्या पद्धतीच्या व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा आणि नियंत्रण या पाच पायऱ्यांपैकी आम्ही सर्वाधिक वेळ मोजमापाला दिला. प्रत्येक थांब्याची वेळ आणि कारण पाळीनिहाय वहीत लिहिले, आणि पॅरेटो आलेख (कारणे मोठ्यापासून लहान अशा क्रमाने दाखवणारा) काढल्यावर दिसले की बहुतेक खोळंबा वाहतुकीत नव्हे, तर स्टोअरमध्ये भाग शोधण्यात आणि चुकीच्या लेबलांमुळे होत होता.

मग टोयोटाने रूढ केलेली कानबान पद्धत लावली: रिकाम्या डब्याचे कार्ड परत आले तरच पुढचा डबा निघतो. ट्रॉलीच्या फेऱ्यांना एसटीसारखे वेळापत्रक ठरले. नियंत्रणाची पायरी मात्र अवघड गेली, कारण पाळी बदलताना कार्डे खिशातच राहत. म्हणून पाळीच्या सुरुवातीला फळ्यावरील कार्डे मोजण्याचे काम आम्ही ट्रॉली ओढणाऱ्यांकडेच सोपवले.